सोनाजीचं दार

आमच्या कळंबखेड्यात घड्याळ यायच्या आधी इंजिन आलं, तेव्हाची ही गोष्ट. कापसातली सरकी काढायची गिरणी उभी राहिली आणि इंजिन चालवायला मुंबईहून सोनाजी पांचाळ नावाचा इंजिनेर आला. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं ओळखायचा, असं म्हणतात. तोंडाने मात्र फटकळ. भर बाजारात सांगायचा, "ज्याच्या घामावर चाक फिरतं, गिरणी त्याची!" मालकाला हे झोंबायचं, पण दुसरा इंजिनेर आणणार कुठून?

गिरणीत बाया राबायच्या, त्यांची तान्ही पोरं बाहेर लिंबाखाली. बाया पाजायला उठतात म्हणून मालकाने दाराला बाहेरून कडी घातली. सोनाजीचं डोकंच फिरलं. कापसाला ठिणगी लागली तर? त्याने दारापासून इंजिनापर्यंत एक लोखंडी दांडी बसवली. दार लावलं की वाफ बंद, चाक ठप्प! मालक अंगावर धावून आला, तेव्हा सोनाजी म्हणाला, "इंजिन तुमचं असेल, मालक. माणसं तुमची नाहीत."

मालकाने दांडी कापून टाकली, कुठूनसा एक अर्धवट शिकलेला माणूस आणला आणि सोनाजीला हाकललं. तो गाठोडं घेऊन वेशीबाहेर पडतो न पडतो, तोच मागे धूर दिसला.

धावत परत आला, तर कडी तापून लाल. हात लावायची सोय नाही. आत कोंडलेल्या बायांमधली ठकुबाई ओरडत होती, "दार उघडा वो! लेकरं बाहेर हायेत आमची!" नवा माणूस कधीच पळाला होता. सोनाजीने साखळदंड दाराला अडकवला, दुसरं टोक शेजारच्या इंजिनघरातल्या चाकाला, आणि वाफ सोडली. चाकाने दार ओढलं, दारासोबत अर्धी भिंत ओढली, असं म्हणतात. एकूण एक बाई बाहेर आली. इंजिनघर पेटलं तरी शेवटची बाई निघेपर्यंत सोनाजी वाफेपाशीच उभा होता.

राखेत तो सापडला नाही. वाफ होऊन गेला, असं म्हणतात. मला विचाराल तर तो मेला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता नव्याने बांधलेली गिरणी विजेवर चालते. पण खटका दाबण्याआधी चालक दारात उभा राहून विचारतो, "सोनाजीचं दार?" आतल्या बायांनी एकजात "उघडं!" म्हटलं, तरच चाक फिरतं. मागे एकदा एक बाई रागावून गप्प बसली. दुपारपर्यंत गिरणी बंद होती, आणि आताचे मालक बाहेर ओट्यावर, तिची समजूत पटायची वाट बघत.