दोर कुठाय?

एका डोंगराआडच्या गावात एक नवी सून आली. बोलायला कमी, बघायला जास्त. पण त्या गावात तिने जे बघितलं, त्याने तिचं डोकं पार चक्रावून गेलं.

झालं असं, की एक कासार बांगड्या विकायला आला. वेशीत पाऊल टाकतो न टाकतो तोच पोरांनी त्याला खडे मारले. मग गावचे पुरुष धावले. त्यांनी त्याला लिंबाच्या झाडाला बांधलं आणि दरडावून विचारलं, "दोर कुठाय?"

"कुठला दोर?" कासार रडकुंडीला आला. "हा काय, मला बांधलाय तोच!"

संध्याकाळी बायका आल्या. त्यांनी त्याला सोडलं, गूळपाणी दिलं आणि चक्क त्याच्या पाया पडल्या. कासार जो पळत सुटला, तो बांगड्यांची पेटी तिथेच टाकून.

"सासूबाई, हे असं का करतात?" सुनेने विचारलं.

"असं म्हणजे? रीतच आहे आपली. कळेल तुला हळूहळू."

सून "हूं" म्हणाली. कळलं काहीच नव्हतं. नाही म्हणायला एक उलगडा झाला. सोयरीक ठरवून तिचे वडील या गावाहून घरी परतले, तेव्हा त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं. ते चोळत ते एवढंच म्हणाले होते, "गावचं पाणी मात्र गोड आहे हो."

आणि मग तिने बोटांवर दिवस मोजले. पंचमी तोंडावर आली होती. तिला माहेरी न्यायला धाकटा भाऊ येणार होता. त्यालाही खडे मारले, झाडाला बांधलं, तर तो पुन्हा या वेशीत कशाला पाय ठेवेल? आणि न्यायलाच कुणी आलं नाही, तर माहेर कसलं?

तिन्हीसांजेला सगळे ओसरीवर बसले होते. सून तळहातांना तेल चोळत होती. गावची विहीर खोल, तिला सवय नाही, पोहरा ओढून ओढून हात सोलले होते. धीर करून ती धाकट्या नणंदेला म्हणाली, "वन्सं, तुम्ही पाहुण्यांना खडे का मारता?" वन्सं जेमतेम सात वर्षांच्या होत्या.

"अय्या वहिनी, पारावर आजोबा रोज रात्री सांगतात, ती गोष्ट तुला माहीत नाही? एक परका माणूस गावात येतो, पाणी पितो, धर्मशाळेत झोपतो. सकाळी बघतात तर विहिरीचा दोर गायब, नि माणूसही गायब! मेला चोर कुठला! संपली गोष्ट."

"संपली?"

"मग मला झोप येते."

सासरा हसला. "ही कुठली पारावरची गोष्ट! गुरं बांधून आम्ही जातो, तेव्हा खरी रंगात येते. एका माणसाला पडक्या विहिरीपाशी धरतात. तळहात सोललेले, धोतर चिखलाने भरलेलं. 'दोर कुठाय?' म्हणून विचारतात. त्याची भाषा कुणाला कळत नाही, तो नुसते हातवारे करतो. मोठा निगरगट्ट! शेवटी झाडाला बांधतात."

"आणि मग, मामंजी?"

"मग काय! पहाटे औत धरायचं असतं. आम्ही घरी येतो."

"अहो, काहीतरीच काय!" सासू म्हणाली. "ती देवाची गोष्ट आहे. खरकटं आवरून आम्ही पारावर जातो, तेव्हा देव झाडाला बांधलेला असतो. तेवढ्यात एक वासरू लंगडत येतं. पोटाला दोर गुंडाळलेला. ते देवाचे सोललेले तळहात चाटू लागतं. मग सगळं गाव रडतं, पाया पडतं. तेव्हापासून वेशीवर पाण्याचा घडा ठेवतात. मुक्या जिवाला देव कळतो, तुम्हाला नाही!"

झालं, तिघं भांडायला लागली. एकीची गोष्ट चोराची, एकाची कैद्याची, एकीची देवाची. सुनेच्या डोक्यात नुसता गोंधळ. तिने मान खाली घातली, तर समोर तिचेच तळहात.

नव्या सुनेने मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे तिला माहीत होतं. पण गप्प बसावं, तर भावाच्याही कपाळावर टेंगूळ येणार.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या कैद्याचे तळहात सोललेले. सासूबाईंच्या देवाचेही सोललेले. वन्संचा दोर हरवला, आणि वासराच्या पोटाला दोर सापडला. हात कशाने सोलतात ते मला विचारा." तिने दोन्ही हात पुढे केले.

नणंदेने त्या सोललेल्या हातांवरून बोट फिरवलं. मग नणंद ओरडली, "वासरू विहिरीत पडलं होतं! त्या माणसानेच दोराने ओढून काढलं!"

"कशावरून?" सासू म्हणाली. "कुणी सांगितलंय तसं?"

"सांगितलं कुणीच नाही," सून म्हणाली. "पण दिसतंय."

सगळी वरात पारावर गेली. गोष्ट सांगणारा म्हातारा नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता.

"आजोबा, तुम्हाला गोष्टी येतात तरी किती?" सासऱ्याने विचारलं.

"एकच की. का रे?"

"आणि ते वासरू विहिरीत पडलेलं असतं?"

"मग काय झाडावर? ते मी मुद्दामच सांगत नाही. ऐकणाऱ्याला काही काम नको?"

"अहो, पण पोरं आधीच झोपतात, आम्ही मध्येच उठतो, बायका शेवटाला येतात!"

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच डोळे उघडले. "असं होय? मला काय ठाऊक! हुंकार तर शेवटपर्यंत येत होते."

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. एवढ्या उकाड्यात डोक्याला दोन पंचे गच्च गुंडाळून. वडिलांनी बजावलंच होतं तसं. वेशीवर पोरं उभी होती, सवयीने मुठीत खडे घेऊन. नणंदेने आधी मूठ उघडली. खडा खाली टाकला, घड्यातून तांब्या भरला आणि म्हणाली, "पाणी घ्या, पाहुणे." बाकीच्या मुठीही मग एकेक करून उघडल्या.

मागून सासरा दोर घेऊन आला. भाऊ दचकून दोन पावलं मागे सरला. सासरा विहिरीकडे वळला आणि पोहरा खाली सोडत म्हणाला, "घड्यातलं कोमट झालं असेल. ताजं काढतो."

भाऊ डोक्यावरचे पंचे सोडत बहिणीकडे बघत राहिला. "ताई, हे गाव आहे तरी कसं? मला काही कळेना."

"वाटेत सांगते," ती हसून म्हणाली. "पण पहिल्यापासून ऐकायचं. आणि मध्ये पेंगायचं नाही."

तात्पर्य: गोष्ट असो की माणूस, तुकडा ऐकून निवाडा करू नये, आणि कळलं नसेल तिथे "हूं" म्हणू नये.