पाळणा खाली आला

ऐका हं बाळांनो! जाईजुईच्या डोंगरापलीकडे एक पिटुकलं गाव होतं, आणि तिथल्या सर्वांत पिटुकल्या झोपडीत रेवू राहायची. गरिबी एवढी, की तिच्या झग्यात झगा कमी आणि ठिगळंच जास्त! बाबा दूर जहाजावर. आईचे पाय जन्मापासून उभे राहत नव्हते. पण ती हातांवर सरकत घरभर फिरायची, बसल्याबसल्या भाकऱ्या थापायची, गजरे ओवायची, आणि दहा दिवसांच्या तान्हुल्याला मांडीवर घेऊन इतकी गोड गायची की बाळ दूध प्यायचं विसरायचं.

बारशासाठी आत्या दोन दिवस आधीच आली. येताना तिनं घुंगरांचा पाळणा आणला आणि साखळ्यांनी आढ्याला उंच टांगून मोकळी झाली.

"सगुणा," ती रेवूच्या आईला म्हणाली, "परवा बारसं. तेव्हा बाळ रडलं, की तूच त्याला पाळण्यातून घ्यायचं. नाही जमलं, तर मी त्याला माझ्या घरी नेणार. उगाच लेकराचे हाल नकोत."

आईनं हात उंच केला. बोटं पाळण्याच्या वीतभर खालीच राहिली. रेवू दाराआडून बघत होती.

सकाळी रेवू मुसमुसत बागेत फुलं तोडायला गेली. बघते तर काय! जुईच्या कळीपाशी कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यात बोटाएवढी, मोरपंखी, चमचमती परी अडकलेली! रेवू रडायचं विसरली. तिनं नखानं एकेक धागा अलगद सोडवला, इवल्याशा पंखांना धक्कासुद्धा लागू दिला नाही.

"गुणाची गं माझी बाय!" परी किणकिणली. "तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं. नाहीतर फजिती होईल हं!"

पण रेवूला कुठला धीर! "माझ्या आईला चालू दे!" असं ओरडून ती घराकडे धावत सुटली.

आईच्या पायांत चांदीचे बूट लखलखत होते. आणि बूट चालले की हो, पण स्वतःच्या मर्जीनं! अंगणात तीन गिरक्या, गोठ्यात एक, शेणात पचाक! घरात बाळ टाहो फोडतंय आणि आई भलतीकडेच चाललीय.

"अगं रेवे, काढ हे आधी!"

रेवूनं ओढून काढले, तसे बूट एकटेच वेशीबाहेर पळाले. आई हसून हसून लोळली. मग म्हणाली, "मला विचारलंस का गं, राणी?"

रेवूला रडूच फुटलं. ती आईच्या गळ्यात पडली. "आई, तुला काय हवंय?"

"पाळणा खाली हवाय. माझ्या मांडीला टेकेल असा. आणि एका बाजूची फळी उघडणारी. म्हणजे बाळाला उचलायला नको, नुसतं कुशीत ओढायचं."

"एवढंच?" खिडकीत येऊन बसलेल्या परीनं नवलानं विचारलं.

"एवढंच!" रेवू म्हणाली. साखळ्यांच्या हिरव्यागार वेली झाल्या, आणि त्या लांबत लांबत पाळणा झुलत खाली आला.

बारशाला सगळ्या बायकांना जमिनीवर बसावं लागलं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याही कुरकुरत्या गुडघ्यांवर कशीबशी टेकली. "श्रीरंग!" ती म्हणाली मात्र, बाळानं भोकाड पसरलं.

"आले रे सोन्या, आले!" आत्या उठायला गेली. पण गुडघे उठतील तर शपथ! तोवर आईनं फळी उघडून बाळ कुशीत घेतलंसुद्धा, आणि बाळ गप्पही झालं.

आत्याचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं, सगुणा. मी पाळणा माझ्या उंचीनं टांगला. बाळ तुझ्याकडेच राहील." मग ती हळूच म्हणाली, "आता मला जरा उठव की."

"आधी घुगऱ्या खा, वन्सं, मग बघू!" आई म्हणाली, आणि सगळ्याजणी खो-खो हसल्या.

तेवढ्यात घरभर गुलाबी, सोनेरी उजेड झाला, झगमगला आणि विरून गेला. त्याच्याबरोबर परीही गेली. रेवूला ते कळलंच नाही. बाळानं तिचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं.