शंख नसलेला राखणदार

फार फार पूर्वी भर समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटावर एक आगीचा डोंगर होता. डोंगर म्हटलं की टोकदार शिखर डोळ्यांपुढे येतं, तसा तो नव्हता. परात पालथी घालावी तसा पसरट होता. डोक्यावर केळीचा घड घेतलेली बाईसुद्धा धाप न लागता त्याच्या माथ्यावर पोचायची.

माथ्यावर एक रुंद, खोल खड्डा होता. गुळाच्या काहिलीत रस उकळावा तसा त्या खड्ड्यात वितळलेला लाल दगड रटरटत असायचा. बाहेरून आलेले पाहुणे ते पाहून घाबरायचे. बेटावरची माणसं मात्र निवांत असायची. संध्याकाळी माथ्यावरचं आभाळ तांबूस दिसलं की लोक एकमेकांना म्हणायचे, "डोंगर जागा आहे," आणि मगच चूल पेटवायचे.

कारण त्यांना ठाऊक होतं. रस वर उकळत असला की खड्ड्यातच राहतो, कुणाचं काही बिघडवत नाही. तो खाली उतरून दिसेनासा झाला, तर मात्र डोंगराच्या पोटातून वाट काढतो आणि खाली कुणाच्या तरी दाराशी जमीन फाडून बाहेर येतो.

म्हणून माथ्यावर एक राखणदार असायचा. रस उतरू लागला की त्याने शंख फुंकायचा आणि शंख ऐकला की गावाने हातातलं काम टाकून समुद्राकडच्या टेकाडावर पळायचं.

हे काम एका घराकडे होतं. त्या घरात दोघे भाऊ. थोरला शांत, धाकटा तापट. थोरला राखण करायचा, धाकटा त्याचं जेवण वर घेऊन जायचा.

"दादा, दिवसभर या काहिलीकडे बघून कंटाळा येत नाही?"

"येतो की," थोरला म्हणायचा. "पण वर दिसतोय तोवर तो आपला आहे. दिसेनासा झाला की समज, कुणाचं तरी अंगण शोधतोय."

एके दिवशी खड्ड्याचा कडा ढासळला आणि थोरला त्याच्यासोबत गेला. मागे खुंटीवर त्याचा शंख तेवढा राहिला.

वहिनी रडली, तिची लहान मुलगी रडली, सगळं गाव रडलं. धाकटा रडला नाही. तो लाकडं फोडत राहिला. चुलीला पुरून उरतील एवढी फोडली तरी थांबेना.

"भावजी, रडा हो एकदा," वहिनी म्हणाली.

"रडून दादा येणार आहे का?"

"ते नाही येणार. तुम्ही तरी परत याल."

धाकट्याने पुढचं लाकूड उचललं.

रिवाजाप्रमाणे राखण त्याच्याकडे आली. पहिल्याच दिवशी वर जाऊन त्याने भावाचा शंख खुंटीवरून काढला आणि खड्ड्यात भिरकावला. "माझा भाऊ खाल्लास, आता हाही खा." शंख तडतडला आणि नाहीसा झाला. खाली येऊन त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर तो रोज वर जायचा आणि काठावर उभा राहून डोंगराला शिव्या घालायचा.

"घसा बसेल त्याचा," शेजारचा म्हातारा म्हणायचा, "पण डोळा काही ओला व्हायचा नाही."

एका दुपारी धाकट्याच्या पायाखालची जमीन थरथरली. त्याने वाकून पाहिलं. रस उतरत होता. काहिलीच्या बुडाला भोक पडावं तसा भराभर खाली जात होता, आणि उघड्या पडलेल्या भिंतींवरून दगड गडगडत होते.

धाकट्याला आनंद झाला. "विझ," तो म्हणाला. "मर एकदाचा." तो काठावर बसून बघत राहिला. शेवटची लाल रेघ काळोखात बुडाली तेव्हा त्याला वाटलं, दादाचा सूड घेऊन झाला.

मग त्याला दादाचं बोलणं आठवलं. अंगण शोधतोय. उतारावरचं सगळ्यात वरचं अंगण त्यांचंच होतं. वहिनी या वेळी तिथे मासे वाळत घालत असेल. पुतणी तिच्या पायांत घुटमळत असेल.

त्याचा हात शंखाकडे गेला. खुंटी रिकामी होती.

तो धावत सुटला. "पळा, पळा," तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. पण खाली म्हातारा जाळं विणता विणता म्हणाला, "आज पुन्हा भांडतोय डोंगराशी," आणि गाठ मारत राहिला. बाकीच्यांनी मानही वर केली नाही.

वाटेत धाकटा ठेचकाळून पडला. हाताखालची जमीन तापलेली होती. त्याच्या मनात आलं, आता वहिनी आणि पोर दोघीही जाणार, आणि शंख तर मीच टाकला. "दादा," अशी हाक त्याच्या तोंडून निघाली आणि त्याला रडू फुटलं. लहान पोरासारखं भोकाड पसरून, रडत रडत तो उतारावरून धावू लागला.

ते रडणं खाली पोचलं. म्हातारा जाळं टाकून उठला. "अरे, रडतोय. रडला बाबा एकदाचा." दारं उघडली, चुलीवरची पेज चुलीवर राहिली, आणि लेकराबाळांसकट सगळं गाव त्याला सांभाळायला वर धावलं. मुलीला कडेवर घेतलेली वहिनी सगळ्यांच्या पुढे होती.

वळणावर तो त्यांना भेटला. वहिनीने त्याचं डोकं खांद्याशी धरलं. "रडा, भावजी, रडा."

"रडतोच आहे, वहिनी," तो हुंदके देत म्हणाला. "पण रस उतरलाय. शंख मी खड्ड्यात टाकला. टेकाडावर चला."



"शंखावरून याच्याशी भांडण उद्या करू," म्हातारा म्हणाला. "आज पाय उचला."

घरात कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला बोलवायला मागे जावं लागलं नाही. ते टेकाडावर चढत असतानाच वहिनीचं अंगण दुभंगलं. आगीचं कारंजं उसळलं. घर गेलं, वाळत घातलेले मासे गेले, फोडून रचलेली लाकडं गेली, आणि लाल ओघळ फुसफुसत समुद्राला मिळाला. टेकाडावर माणसं मोजली. सगळी होती. मग पुन्हा एकदा मोजली, नुसतं बरं वाटावं म्हणून.

पुढे ओघळ थंडावला. गावाने बेटाच्या दुसऱ्या अंगाला घरं बांधली. वहिनीचं घर धाकट्याने आधी बांधलं. तरी माथा काळाच होता आणि संध्याकाळ झाली की चूल पेटवताना बायकांचे हात अडखळायचे.

मग एका संध्याकाळी माथ्यावरचं आभाळ तांबूस झालं. लोक अंगणात येऊन उभे राहिले.

"जागा आहे," म्हातारा म्हणाला आणि त्याने केव्हाचा कोंडलेला श्वास सोडला. वहिनीने चूल पेटवली. धाकटा त्या उजेडाकडे बघत होता. डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत.

म्हाताऱ्याने समुद्रातून एक नवा शंख आणून ठेवला होता. तो त्याने धाकट्याच्या हातात दिला.

पुतणी शंखाकडे बघत म्हणाली, "काका, आता तू शंख वाजवणार की रडणार?"

"दोन्ही," काका म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

तात्पर्य: दुःखाला माथ्यावरूनच बाहेर पडू द्यावं, आत दाबून ठेवलं तर ते आपल्याच माणसांचं अंगण शोधतं.