मातीची बेरी

“मग टिपी माझ्या हाती कधी देणार, आजी?”

जोलीननं विचारलं तेव्हा दोघी खांबांना बांधलेली दोरी तपासत होत्या. टिपी म्हणजे ब्लॅकफूट लोकांचा उंच, निमुळता तंबू. त्यांच्यात तो बाईच्या मालकीचा असतो. अगाथाआजीला तो तिच्या आईकडून मिळाला होता, आणि आता आजीचे गुडघे बोलायला लागले होते.

आजी गाठ चाचपत राहिली.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

कॅनडातलं ते गवताळ माळरान. पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ. दर उन्हाळ्यात आजी इथं टिपी उभारायची आणि आदिवासी बायकांना चार दिवस बोलावून घ्यायची. शहरात राबून थकलेल्या, मार खाल्लेल्या, लेक गमावलेल्या... सगळ्या यायच्या. सुगंधी गवताचा धूर अंगावरून घ्यायचा, गाणी म्हणायची, रडू आलं तर रडायचं, पोटभर जेवून झोपायचं. आपण याला माहेरपण म्हणू.

जोलीन आजीची पट्टशिष्या. आजीकडचं सगळं तिनं शिकून घेतलं होतं. आपल्याला सगळं येतं, हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

“गाणी मला येतात,” ती म्हणाली.

“येतात.”

“धूर कसा फिरवायचा, कुणी कुठं बसायचं... माझं कधी चुकतं का?”

“नाही चुकत.”

“मग अडलंय कुठं?”

आजीनं टिपीच्या दाराकडे पाहिलं.

“ती जेवली का?”

ती म्हणजे व्हर्ना. लहानपणीच सरकारनं तिला घरातून उचलून परक्यांच्या घरी वाढायला दिलं होतं. भाषा गेली, नाव गेलं. आईला कुठं पुरलं तेही तिला माहीत नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर कुणाच्या तरी आग्रहानं इथं आली होती, आणि आल्यापासून दाराशी बसून होती. पिशवी अजून उघडली नव्हती. काही विचारलं की “ठीक आहे” एवढंच म्हणायची. आज संध्याकाळच्या बसनं निघते, असं तिनं सकाळी सांगून टाकलं होतं.

ती गेली तर परत येणार नव्हती. हे दोघींनाही कळत होतं.

“मी काय कमी प्रयत्न केले?” जोलीन म्हणाली. “आपल्या रीती, आपल्या गोष्टी, सगळं नीट समजावून सांगितलं. ती मनावरच घेत नाही.”

“हं.”

“टिपीचं सांग ना, आजी.”

“बेरीचं सार उकळलंय. चल.”

बायका टिपीत गोल बसल्या. दाराच्या समोरच्या टोकाला, अगदी आत आजी. तिच्या शेजारची जागा जोलीनची. तिथं दुसरं कुणी बसायला धजत नसे. व्हर्ना दाराशी, पिशवीला टेकून.

या बेरी जांभळ्या असतात, करवंदाएवढ्या. त्यांचं सार वाटीत घेतलं की त्यांच्यात लगेच खात नाहीत. आधी एक बेरी बाहेर काढायची, वर धरायची, मनातलं मागायचं आणि ती मातीत पुरायची. जिनं दिलं तिला आधी परत. मग आपण. आजीची बेरी पुरून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

आजीनं बेरी वर धरली. डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

सगळीकडे शांतता...

आणि त्या शांततेत चमचा वाजला.

व्हर्ना खात होती. मान खाली घालून, भराभर. आल्यापासून पहिल्यांदाच धड खात होती.

“थांबा, मावशी!” जोलीन म्हणाली. आवाज मऊच होता. “आधी मातीला द्यायची असते. आपल्यात असं खात नाहीत.”

व्हर्नाचा हात थांबला.

“मला माहीत नव्हतं.”

“म्हणून तर सांगतेय. आपलंच आहे, आपल्याला यायला हवं.”

व्हर्नानं वाटीत पाहिलं. तळाशी जांभळा रस होता. बेरी एकही उरली नव्हती.

“आता?”

“असू दे. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.”

व्हर्नानं वाटी खाली ठेवली. अगदी हळू, आवाज होऊ न देता. मग पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला.

“मी तुमच्यातली नाहीच,” ती म्हणाली. “उगाच आले.”

जोलीनचा चेहरा उतरला. तिचं यात काय चुकलं होतं? ती खरं तेच बोलली होती...

आजी उठली. जोलीन हात द्यायला पुढं झाली, तर आजीनं तो बाजूला सारला. गुडघ्यांवर जोर देत ती दारापर्यंत गेली. प्रार्थना केलेली बेरी अजून तिच्या चिमटीत होती.

ती व्हर्नासमोर खाली बसली.

“तोंड उघड.”

“अं?”

“उघड, बाळा.”

पन्नाशीच्या बाईनं तोंड उघडलं. आजीनं बेरी तिच्या जिभेवर ठेवली.

व्हर्नानं ती चावली नाही. ती नुसती तोंडात धरून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत तिला कुणी असं भरवलं नव्हतं.

“आजी!” जोलीनला राहवलं नाही. “ती बेरी मातीची होती!”

आजीनं वळून पाहिलं.

“मग दिली कुणाला? ही या मातीची नाही का?”

...

बाहेर गवत सळसळलं.

जोलीन आपल्या वाटीकडे बघत राहिली. मग व्हर्नाकडे. मग दोघींच्या मधल्या जमिनीकडे. तिला रडू आलं, आणि त्याचा तिला रागही आला.

अखेर ती उठली. आपली जागा सोडून दाराशी गेली आणि व्हर्नाला लागून बसली. तिथं बसायला चटईही नव्हती. आपल्या वाटीतलं अर्धं सार तिनं व्हर्नाच्या वाटीत ओतलं.

“घे, मावशी. तू निवड.”

व्हर्नानं डोळे पुसले. वाटीत बोट फिरवून एक बेरी उचलली, सगळ्यांत लहान. वर धरली. काय मागितलं, ते कुणाला ऐकू आलं नाही. मग बोटानं माती उकरून तिनं ती पुरली आणि वरून तळहातानं थोपटलं.

जोलीननं आपली बेरी तिच्याशेजारी पुरली. तिच्यानंतर.

मग बाकीच्या बायकांनी. चमचे वाजायला लागले. कुणीतरी हसलंसुद्धा. व्हर्नानं पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला, आणि थोड्या वेळानं पिशवी उघडून आतली शाल बाहेर काढली.

आजी आपल्या जागी परतली होती. शेजारची जागा रिकामी होती. तिनं ती हातानं झाडली, पण जोलीनला बोलावलं नाही.

जोलीनलाही तिकडे जावंसं वाटलं नाही. मघाचा प्रश्न तिच्या ओठांवर आला... आणि तिनं तो साराबरोबर गिळून टाकला.

आजी वाटी पुसत होती. मान वर न करताच म्हणाली,

“जोलीन, दाराचं कापड ओढून घे गं... तुझ्या टिपीत वारा शिरतोय.”