तिळाच्या घाण्यात करंज

फार पूर्वी रेणुवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे प्रधान होते. नदीकाठच्या दलदलीत त्यांनी करंज लावविले होते. त्या करंजाचे तेल आसपासच्या सर्व राज्यांत दिव्यांसाठी जात असे.

एके सकाळी राजा न्हाव्याकडून नखे काढून घेत असताना वेशीवरची बातमी आली. शेजारच्या राज्यातून नेहमीप्रमाणे तिळाच्या गाड्या आल्या होत्या, आणि तेलाच्या देशाला आमचे तीळ कशाला लागतात, असे गाडीवान हसत विचारीत होते. ते राजाच्या मनाला लागले. त्याने वेस बंद करविली आणि नगरातल्या सर्व घाण्यांत करंज घालण्याची आज्ञा सोडली. करंज लावविल्याबद्दल प्रधानांना त्याने एक गाव इनाम देऊ केले.

बोधिसत्त्वांनी गाव नाकारले. ते म्हणाले, "महाराज, करंजाचे तेल कडू. ते दिव्यात चालते, ताटात नाही. तीळ आपल्या दलदलीत कुजतात. आपण करंज विकतो, तीळ घेतो. यात कमीपणा कसला?"

"म्हणजे त्यांनी हसायचे आणि आम्ही ऐकून घ्यायचे?"

"हसू द्यावे. संध्याकाळी दिवे लावताना त्यांनाही आपली आठवण होत असेल."

राजाला हसू आले. त्याने आज्ञा मागे घेतली.

पण तोवर राजवाड्याजवळच्या पहिल्या घाण्यात शिपायांनी करंज घातला होता. तो घाणा उत्पला नावाच्या विधवा तेलिणीचा होता. खाण्याचे तेल विकून ती पोट भरीत असे. बोधिसत्त्व गेले तेव्हा ती राखेने घाणा घासत होती.

"लाकूड तेल पितं, प्रधानजी," ती म्हणाली. "मग सोडत नाही. आता यातून गोडं तेल निघायचं नाही."

बोधिसत्त्वांनी नव्या घाण्यासाठी चिंचेचे खोड देऊ केले. ते वाळेपर्यंत तिने याच घाण्यात करंज गाळावा आणि ते तेल दिव्यांसाठी प्रधानांच्या घरी घालावे, असेही सांगितले.

"खोड द्याल," उत्पला म्हणाली. "हा घाणा आमच्या ह्यांनी कोरला होता."

अंधार पडेपर्यंत बोधिसत्त्व तिच्या ओट्यावर बसून राहिले.

विहारात ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "दुसऱ्या विहाराचे धान्य घ्यायला लाजणारा हा भिक्षू त्या जन्मी राजा होता. पती गेल्यापासून रोज येथे येऊन बसणारी ही उपासिका उत्पला होती. प्रधान मी होतो. ही मैत्रीची पारमिता, म्हणजे तिची पूर्णता, होय."

मग उपासिकेकडे पाहून ते म्हणाले, "चिंचेचे खोड वाळत ठेवले होते. त्याचा घाणा करून द्यायचा माझ्याकडून राहिला."