हात लावू नका

माणसांच्या हिशेबात परवाची, पण खेकड्यांच्या हिशेबात पार पणजोबांच्या काळातली ही गोष्ट. पाठीवर शंख घेऊन हिंडणारा छोटा टिचकू खेकडा आईबाबांबरोबर किनाऱ्यावरचं समुद्रजीवन केंद्र बघायला गेला. काय ती मजा!

"आई, समुद्रघोडा! बाबा, तारामासा बघा, केवढा!"

आणि मग एका उघड्या फळीवर त्याला तो दिसला. गुलाबी, चकचकीत शंख! शेजारी पाटी होती, 'हात लावू नका.'

"पाटी वाचलीस ना?" आईनं दटावलं.

"वाचली की! पण आपल्याला हात कुठे आहेत? नांग्या आहेत. आणि तो रिकामाच तर आहे!"

आईची पाठ वळताच स्वारी स्वतःच्या शंखातून सुळकन बाहेर पडली आणि त्या शंखाकडे धावली. पण आत प्लास्टर भरलेलं! उघडी, मऊ पाठ घेऊन टिचकू मागे वळला, तर त्याचा शंख एका मुलीच्या हातात.

"आई, घरी नेऊ? रिकामाच तर आहे!"



"अगं, पाटी वाच!" तिची आई ओरडली. मुलीनं तोंड पाडून शंख खाली ठेवला, आणि टिचकू एका उडीत आत.

घरी परतताना वाळूत एक सुरेख शंख पडला होता. टिचकू थबकला. त्यानं नांगीनं हळूच टकटक केली.

"आहे का हो कुणी घरात?"