तिठ्यावरची लगोर

घाटाखालच्या धामणखिंड गावी अचलगिरी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिगत. गावापलीकडे घनदाट रान आणि रानात महादेवाचं देऊळ. श्रावणी सोमवारी सगळं गाव दर्शनाला निघे. पुढे चालण्याचा मान वाटाड्या येसबा गायकरचा, तो तीन पिढ्यांचा. त्या वर्षी मात्र महाराज म्हणाले, "यंदा गोमाबाई पुढे चालेल."

गोमाबाई म्हणजे म्हशी राखणारी एक धनगर विधवा. वाट चुकलेल्यांना ती मुकाट्याने गावात आणून सोडी आणि महाराजांचं नाव घेत परत रानात जाई. येसबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हशींमागे फिरणारी आता देवाची वाट दाखवणार का, असं तो चावडीवर चारचौघांत म्हणाला. लोक हसले, गोमाबाईही हसली, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. बाबांनो, मत्सर फार वाईट! भल्या माणसालाही तो आंधळा करतो.

सोमवारी पहाटे येसबा एकटाच रानात गेला. तिठ्यावर खुणेसाठी दगडांची लगोर रचलेली असे. अनोळखी माणूस ती पाहूनच वळे. ती लगोर त्याने कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर नेऊन रचली. पुढे वाट संपेल, गाव परत फिरेल, गोमाबाईची फजिती होईल, एवढाच त्याचा हिशोब. दाट धुकं उतरेल हे त्याच्या मनातही नव्हतं.

धुकं उतरलं. गोमाबाईने लगोरीकडे पाहिलंच नाही. पायाखालची माती चाचपत, ओढ्याचा आवाज डाव्या हाताला ठेवत तिने गाव सुखरूप देवळात आणलं. येसबा मागून चालत मनात जळत होता.

आरती झाली. महाराज उंबऱ्याशी बसले आणि त्यांनी उजवा तळवा दगडावर दाबून धरला. काही केल्या उचलेनात. कपाळावर घाम आला. कुणाला काही कळेना.

इतक्यात घंटेच्या आवाजाच्या रोखाने एक तरुण धापा टाकत आला. तो येसबाच्या लेकीचा, चंद्राचा दीर. नदी चढायला लागली म्हणून सासरच्यांनी तिला पहिल्या बाळंतपणासाठी दोन दिवस आधीच डोलीतून धाडलं होतं. तो पाणी भरायला मागे थांबला आणि धुक्यात डोली नाहीशी झाली. भोई परमुलखातले, लगोर पाहूनच चालणारे.

येसबा पुढे झाला. "लगोर मी हलवली," तो सगळ्यांदेखत रडत म्हणाला. "महाराज, माझी पोर कड्यावर गेली."

महाराज गोमाबाईला म्हणाले, "बाई, लवकर जा. हात भरून आला आहे."

ती निघाली. मागे येसबा. ज्या रानात त्याचं आयुष्य गेलं, तिथे त्याला चार पावलांवरचं झाड ओळखू येईना. गोमाबाई मात्र चिखलातली भोयांची पावलं बोटांनी चाचपत गेली. कड्याच्या धारेपासून दोन पावलांवर डोली जमिनीला टेकली होती आणि भोई भेदरून बसले होते. इथे आल्यावर डोली एकाएकी इतकी जड झाली, की चौघांना तसूभर हलेना, असं ते सांगत होते. चंद्रा आत सुखरूप होती. गोमाबाईने दांडीला हात लावला, महाराजांचं नाव घेतलं, आणि डोली फुलासारखी उचलली गेली!

सगळे देवळात परतले, तेव्हा महाराजांनी तळवा उचलला. त्यावर डोलीच्या दांडीएवढा जाड लाल वळ उठला होता. येसबा पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी नुसता धरून बसलो होतो," ते म्हणाले. "शोधून आणलं तिने."

येसबा तसाच गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने गोमाबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. ती संकोचून मागे सरली.

"उठा भाऊ," ती म्हणाली. "लेक सकाळपासून उपाशी आहे. तिला आधी दोन घास भरवा."